पहिल्या वर्षाची कार्डं

माझे भावोजी बुकबाइंडर आहेत आणि हट्टी आहेत. दोन्ही कामं ते मन लावून करतात.

सत्तावीस वर्षांपूर्वी, ताईचं नुकतंच लग्न झालं होतं तेव्हा, राजे आणि राक्षसांच्या लढाईचा एक कार्डांचा खेळ बाजारात आला. पाकीट फोडायचं, आत निघतील त्या कार्डांनी लढायचं आणि नको असतील ती दुसऱ्याशी बदलून घ्यायची. नवराबायकोंनी मिळून तीनशेच्या वर कार्डं जमवली. पुढच्या वर्षी नवी मालिका आली. तिच्यातलं एकेक कार्ड इतकं जबर की जुन्यांना कुणी विचारेना. सगळ्यांनी नवी घेतली. भावोजी म्हणाले, "आपली अजून खेळून कुठे झालीत?"

तेव्हापासून त्यांच्या घरात कायदा आहे: जे पहिल्या वर्षी नव्हतं, ते टेबलावर येणार नाही. नवी कार्डं नाहीत, नवे नियम नाहीत, कार्डांना घालायची प्लास्टिकची कव्हरंसुद्धा नाहीत, कारण ती तिसऱ्या वर्षी निघाली. दर रविवारी दुपारचा चहा झाला की पुढच्या खोलीतल्या टेबलावरून पुठ्ठे, दोरा आणि खळीचा डबा हलतो आणि आम्ही चौघं बसतो. भावोजी, ताई, मी आणि वरच्या मजल्यावरच्या हेडबाई. बाई शाळेतून कधीच्या निवृत्त झाल्या, पण त्यांचं बोट अजून वर असतं. एका वेळी दोघं खेळतात, हरेल तो उठतो.

इतक्या वर्षांत कार्डांची पार रया गेली आहे, पाठीवर डाग पडले आहेत. भावोजी त्यांची डागडुजी करतात, फाटलेल्या कोपऱ्याला पातळ कागद आणि खळीचं एक बोट. आम्हा तिघींना डाग म्हणजे नुसता डाग दिसतो.

खेळायला बसताना भावोजी चष्मा काढून ठेवायचे. त्याशिवाय त्यांना हातातलं दिसायचं, पण हातभर लांबचं धुक्यात जायचं. मी त्यांची मेहुणी, मी कशी सोडीन? "भावोजी, चष्म्याशिवाय तुम्ही राजबिंडे दिसता असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तूच सांगतेस की, दर रविवारी."

गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आणि लांबचा चष्मा सुटला. पहिल्या रविवारी त्यांनी आम्हा तिघींना हरवलं. दुसऱ्या रविवारीही तेच. हेडबाईंनी शेवटपर्यंत दडवून ठेवलेला राक्षस त्यांनी बरोबर ओळखला. मी म्हटलं, "डॉक्टरांनी भिंगाबरोबर अक्कलही बसवली वाटतं." ते हसले नाहीत.

तिसऱ्या रविवारी कार्डांची पेटी दोऱ्यानं बांधलेली होती. "आता तुम्ही तिघी खेळा," भावोजी म्हणाले, "मी नाही बसणार."

"का हो?" बाईंनी विचारलं.

"मला तुमची कार्डं दिसतात. सगळी मीच दुरुस्त केलीत, पाठीवरून ओळखतो. चहाचा डाग दिसला की राक्षस. नाही बघायचं म्हटलं तरी डोळा जातोच."

"मग इतकी वर्षं?" मी विचारलं.

"इतकी वर्षं चष्मा काढून बसत होतो ना."

मी जीभ चावली. सत्तावीस वर्षं मी त्यांच्या सचोटीची टिंगल करत आले होते. मला स्वतःची लाज वाटली आणि त्या माणसाचा फार अभिमान वाटला.

"कव्हरं घाला की मग," बाई म्हणाल्या.

"तिसऱ्या वर्षीची आहेत, बाई."

"एकदा अपवाद करा."

"कायदा मी केला. माझी अडचण झाली म्हणून मीच मोडू?" हट्ट जागच्या जागी होता. बाईंनी पिशवी मांडीवर घेतली. त्यांचे गुडघे दुखतात, आठवड्यातून एकदा त्या जिना उतरतात ते या खेळासाठी. आणि भावोजींशिवाय कसला खेळ?

ताई आत गेली. कपाटात बराच वेळ खडखड झाली. ताई घरातलं काहीही टाकत नाही, यावरून मी तिला आयुष्यभर बोलले आहे. ती एक जुना चष्मा घेऊन आली. एक काडी बाइंडिंगच्या दोऱ्यानं बांधलेली.

"घाला हा."

"अगं, आता हा घातला तर मला सगळंच धूसर दिसेल."

"म्हणूनच घाला."

त्यांनी घातला आणि भिंतीकडे बघून विचारलं, "तू कुठे गेलीस?" आम्ही हसून हसून लोळलो.

"अहो, पण स्वतःची कार्डं कशी दिसणार तुम्हाला?" मी म्हटलं. त्यांनी पेटी सोडली, वरची दोन कार्डं उचलली आणि कडांवरून अंगठा फिरवला. "हा दुमडलेला कोपरा म्हणजे पहारेकरी. ही कागदाची जोड, म्हणजे म्हातारा राजा." दोन्ही बरोबर.

तेवढ्यात हेडबाईंचं बोट वर झालं. "पण हा चष्मा पहिल्या वर्षी होता का?"

ताईनं भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोकडे हात केला. नवरदेवाच्या नाकावर तोच चष्मा होता.

"बसतो कायद्यात," बाईंनी निकाल दिला.

त्या दिवशी भावोजी आम्हा तिघींकडून हरले. हरेल तो उठतो म्हणून तीनदा उठले, तीनही वेळा टेबलाला धडकले, आणि पुन्हा आपली पाळी कधी येते म्हणून चष्मा तसाच नाकावर ठेवून वाट बघत उभे राहिले.