खारूताईचा उजवा खांदा

खारूताई,

शिडीवर चढून छत रंगवण्यात तुझा हात धरणारं कोणी नाही, हे मी कधी तोंडावर बोलले नाही. बहिणीची मुलगी तू, दहाव्या वर्षापासून माझ्याकडे वाढलीस. कौतुकाची मला सवयच नाही.

मार्चमध्ये माझ्या स्वयंपाकघराचं छत रंगवताना तू डाव्या हाताने उजवं कोपर उचलून रोलर फिरवत होतीस. मी म्हणाले, "नाटकं पुरे. चौतिशीत कसली दुखणी? ती माझ्या वयाला शोभतात."

"मग घे ना परत!" तू हसलीस, पण ओठ पांढरे पडले होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी खांद्याचा एक्स-रे दाखवला. सांध्यातली कूर्चा झिजलेली. "सांधा बदलायला ही फार लहान. नवा बसवला तरी जन्मभर पुरायचा नाही. रोज व्यायाम करून स्नायू बळकट करायचे, डोक्याच्या वर हात नेऊन काम नाही, लागलं तर इंजेक्शन. पूर्वी कधी खांदा निखळला होता?"

"एकोणिसाव्या वर्षी, व्हॉलीबॉल खेळताना. तीन आठवड्यांत बरा झाला."

मी वजनकाट्याकडे बघत राहिले. तेव्हाच्या डॉक्टरांनी तीन महिने विश्रांती लिहून दिली होती गं. कागद माझ्या हातात होता. मी कॉलेजच्या संघाची व्यवस्थापक, आणि अंतिम सामना तोंडावर. तुला सांगितलं, तीन आठवडे. सामन्यात खांदा पुन्हा निखळला, तो मीच मैदानाच्या कडेला ओढून बसवला आणि तुला परत आत ढकललं. आपण जिंकलो. हार माझ्या गळ्यात पडला.

"तेव्हाचे कागद आणा," डॉक्टर म्हणाले. "पुढचं त्यावरून ठरवू."

जिना उतरताना तू म्हणालीस, "मावशी, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत असतील. माझा हात तिथवर जात नाही. काढशील?"

"या वयात स्टुलावर चढू?"

"परवा बल्ब बदललास तेव्हा वय कुठे गेलं होतं?"

चढले. कागद सापडला, तीन महिने हे शब्द वाचले, आणि पेटीचं झाकण लावलं. फोनवर म्हणाले, "नाहीत गं."

"असू दे. तू धडपडू नकोस," तू म्हणालीस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर तू चारदा तपासणीला जाऊन आलीस. दर वेळी डॉक्टर विचारतात, आणि तू सांगतेस, मावशीने खूप शोधलं. कागद पेटीतच आहे.