कप्तानाच्या हातचं पाणी

मी सगळ्यात जास्त ज्यांचा ऋणी आहे ते आमच्या कॉलेजात फुटबॉल शिकवणारे काझी सर. पुण्याला जाण्यासाठी उस्मानाबादच्या स्टँडवर सोलापूरच्या गाडीत मला बसवायला ते आले, तेव्हा त्यांची नोकरी जाऊन आठ दिवस झाले होते. ती माझ्यामुळे गेली होती. खिडकीतून त्यांनी पुण्यातल्या एका कारखान्याच्या संघासाठी चिठ्ठी दिली. वडील खडी फोडायच्या दुष्काळी कामावरून तसेच आले होते, भुवयांवर पांढरी धूळ. फुटबॉल त्यांनी कधी पाहिला नव्हता, तरी सरांपुढे हात जोडून उभे होते.

सर हैदराबादला खेळ शिकलेले. त्या दुष्काळात मैदानाला भेगा होत्या आणि प्यायला एकच घागर, तीही सर घरून सायकलवर आणायचे. त्यांचा नियम होता : खेळ संपला की कप्तानानं प्रत्येकाला पाणी द्यायचं, उरलं तर स्वतः प्यायचं. "कप्तान सगळ्यांच्या आधी पळतो आन् सगळ्यांच्या मागून पितो," असं ते म्हणायचे.

कप्तान होता विलास, संस्थेच्या अध्यक्षांचा, आबासाहेबांचा पुतण्या. सोसायटीही आबासाहेबांचीच आणि दूध संघही. विलास सगळ्यांना पेल्यात पाणी द्यायचा आणि माझ्या एकट्याच्या ओंजळीत वरून ओतायचा. आमचं घर बौद्ध. मला त्याची सवय होती, सरांना नव्हती. त्यांनी ते पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी घागर आणि कप्तानपद माझ्याकडे दिलं.

माझ्या हातून सगळे प्यायले. विलास म्हणाला, "मला तहान न्हाय, सर."

"मग तुला खेळ पण न्हाय," सर म्हणाले.

त्याच आठवड्यात आबासाहेबांनी सरांना काढलं. कारण दिलं, दुष्काळात खेळावर खर्च नको. चेंडू सरांचा स्वतःचा होता.

आईनं मला समजावलं नाही. भाकरी बांधून देताना एवढंच म्हणाली, "आपल्या हातचं पाणी ज्याला नको, त्याला तहान लागल्याबिगर कळायचं न्हाय." मी तेच शब्द घेऊन गाडीत बसलो.

आता माझं पुण्यात क्वार्टर आहे, आठवड्याला शिफ्ट बदलते, भिंतीवर नोकरी करत मिळवलेली, आमच्या घराण्यातली पहिली पदवी आहे. संध्याकाळी कारखान्याचा संघ माझ्याकडे असतो. सरांचा पाण्याचा नियम मी इथंही चालू ठेवला. गावी राहिलेले आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, दोघेही मला सांगतात, जुनं सोडून द्या. मी डूख धरलेला आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही. घर म्हटलं की मला दार आठवत नाही. ते भेगाळलेलं मैदान आणि घागरीच्या तळाचा घोट आठवतो.

मागच्या महिन्यात सरांना पाठवलेलं पत्र इथं उतरवतो.

आदरणीय काझी सर,
परवा आमच्याकडे नव्या खेळाडूंची ट्रायल झाली. विलास धाकट्या भावाला, प्रकाशला, घेऊन आला होता. मला पाहून त्याचा चेहरा उतरला. प्रकाश चांगला खेळतो. तुम्ही शिकवलं नसतं तर मी त्याला नावावरूनच परत पाठवला असता. खेळ संपल्यावर मी स्वतः पाणी वाटलं. प्रकाश गटागटा प्यायला. मग एक पेला भरून कुंपणापाशी गेलो. विलास म्हणाला, "तहान न्हाय." मी म्हणालो, "मग भावाला खेळ पण न्हाय." सर, तो प्यायला. पेला रिकामा होईपर्यंत मी जागचा हललो नाही.
प्रकाशला संघात घेतलं आहे. पहिला महिना माझ्याऐवजी सगळ्यांना पाणी तोच देईल. तुम्ही म्हणाल, कप्तानानं असं पाजायचं नसतं. रागवा. मला वाईट वाटलेलं नाही. त्या दिवशी नियमाप्रमाणे मी सगळ्यांच्या मागून प्यायलो. पाणी लई गोड लागलं.
तुमचा कप्तान