रोजावरचे साहेब

आमचे हे न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले आणि माझ्या स्वयंपाकघरात सुनावण्या सुरू झाल्या. डबा उघडा कुणी ठेवला, दूध उतू का गेलं. आरोपीही मीच, साक्षीदारही मीच! म्हणून पौडला जुने दावे निकाली काढायला तात्पुरतं कोर्ट सुरू झालं आणि यांना बोलावणं आलं, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. पगार नव्हता. जितके दिवस बसतील तितक्या दिवसांचं मानधन, आणि दावे संपले की नेमणूकही संपली.

लगेच नाव पडलं, 'रोजावरचे साहेब'. मला राग आला. हे मात्र काळा कोट चढवून पुन्हा तरुण झाले होते.

यादीत सगळ्यात शेवटी तानूबाईंचा दावा होता. तानूबाई माले गावच्या, मेंढरं राखणाऱ्या. मेंढरं पाण्यावर न्यायची पिढ्यान्‌पिढ्यांची वाट एका बंगलेवाल्याने तारेचं कुंपण घालून अडवली होती. त्याचा वकील दर वेळी पुढची तारीख मागायचा. त्या दिवशीही त्याने मागितली, तशा तानूबाई उभ्या राहिल्या.

"सायेब, तुमी रोजावर हाय म्हनं. रोजावरचं मानूस काम लांबवतंयच, आमी बी लांबवतो. सरकारनं तुमाला उक्तं द्याया पायजे व्हतं. काम संपलं की पैसं!"

सगळे हसले. हा न्यायालयाचा अवमान आहे, असं वकील ओरडला. यांचे कान लाल झाले असणार, मी ओळखते ना! पण हे एवढंच म्हणाले, "बाई खरं बोलतायत. तारीख मिळणार नाही. काय सांगायचं ते आत्ताच सांगा."

हा दावा संपला की आपण घरी, हे यांना पक्कं ठाऊक होतं. तरी जेवणं निवू देऊन निकाल लिहिला आणि कोर्टात सोप्या मराठीत समजावून सांगितला. वाट तुमची, कुंपण काढावं लागेल.

तानूबाईंनी पदराने डोळे पुसले. "मंजी आता तारखंला यायचं न्हाई?"

"नाही, बाई."

त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. चेहऱ्यावर खरीखुरी काळजी.

"पर सायेब, ह्यो शेवटचा दावा म्हनं. आता तुमचा रोज बुडला की वो!"

या वेळी कुणी हसलं नाही. जन्मभर लोकांनी यांना हात जोडले. त्या दिवशी खुर्चीवरून यांनी जोडले.