नागवेल आणि शुभाची ओढणी

हे मी आजवर कुणापाशी काढलेलं नाही. यांच्यापाशीसुद्धा नाही — आणि यांना सांगायचं राहिलंय असं आता फारसं काही उरलेलं नाही. सख्ख्या बहिणीपाशी नाही. तुम्ही माझे कोण लागता? कुणीच नाही. म्हणूनच बहुतेक जीभ रेटतेय. बसा जरा.

आधी बागेचंच बोलते, तिथं माझं तोंड आपोआप सुटतं. नांदेडला आमचं घर साधंच, मागंपुढं मिळून चार खाटा मावतील एवढी जागा. पण कॉलनीतल्या बायका तिला 'काकूंची नर्सरी' म्हणतात. कुणाच्या मोगऱ्याच्या कळ्या गळाल्या, कुणाच्या जास्वंदीला पांढरी कीड लागली, की फोटो माझ्या मोबाईलवर. मग मी चष्मा लावून डॉक्टरसारखी बघते. निम्मी झाडं तर लाडानंच मरतात — उन्हाला घाबरून बायका दिवसभर पाणी ओततात आणि मुळं कुजली की म्हणतात, काकू, एवढं पाणी घालूनही वाळलं हो! काळी माती शेतात सोनं, कुंडीत निव्वळ डबकं. तिच्यात वाळू घाला, पालापाचोळा घाला. बोअरच्या पाण्यानं मातीवर पांढरा थर धरला तर तो खरवडून काढा, पावसाचं पाणी साठवून ठेवा. हे सगळं मी न थकता सांगते. लोकांना आवडतं, मलाही आवडतं. मोठेपणा कुणाला नको असतो?

फक्त युरियाचं नाव काढलं की माझा तोल जातो. परवा समोरच्या घरातल्या सुनेनं विचारलं, काकू, गोडलिंब वाढतच नाही, चिमूटभर युरिया टाकू का? मी तिच्यावर अशी खेकसले की बिचारी उठून निघालीच. मग तिला परत बसवलं, आंबट ताक पातळ करून घाल म्हणून सांगितलं, सरबत पाजलं. ती गेल्यावर हे म्हणाले, एवढं काय झालं तुला? चोराच्या मनात चांदणं — पण हे यांना कसं सांगणार?

तर — आमच्या घरी एक नागवेल होती. म्हणजे आताही आहे, पण ती दुसरी. पहिली माझ्या सासूबाईंची. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. उदगीरकडच्या माहेराहून त्यांनी तिचा फुटवा आणला होता, ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर ठेवून. मोरीजवळ शेवग्याचं झाड होतं, त्याच्यावर ती चढवली. अशी माजली ती वेल की गल्लीत कुणाकडं पूजा असो, साखरपुडा असो, विड्याची पानं आमच्याकडूनच जायची. बायका मागायला यायच्या आणि आत्याबाई खुर्ची टाकून बसायच्या, कुणाला किती द्यायची ते बसल्या जागेवरून सांगायच्या. त्यांचं सगळं राज्य त्या वेलीवर होतं म्हणा ना. तिला शिवाशीव चालत नाही, हा त्यांचा पहिला नियम. बाईला पाळी आली की तिनं शेवग्याच्या बाजूलाही फिरकायचं नाही. आणि दुसरा नियम — सरकारी खत, म्हणजे युरिया-बिरिया, घालायचं नाही. शेणखत, राख आणि हात.

सासरे गेल्यावर गुडघ्यांनी त्यांना जेरीस आणलं आणि वेल माझ्याकडं आली. किल्ल्या नंतर दिल्या, वेल आधी दिली. मला बागेतलं तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. पानं लहान पडायला लागली. त्यातच धाकट्या दिराचं लग्न ठरलं, भर वैशाखातलं, आणि आत्याबाईंनी सगळ्या पाहुण्यांना सांगून टाकलं की विड्याला पान घरचंच असणार. रोज सकाळी त्या दारात काठी टेकून उभ्या राहायच्या आणि मला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "सोन्यासारखी वेल हवाली केली, अन् पानं बघा कशी हायत, उंदराच्या कानाएवढी. लग्नात लोकायला काय दावू?"

मला राग यायचा. लई राग यायचा, खरं सांगते. हाच दीर नायगावजवळचं आमचं शेत बघायचा, त्यानं युरियाचं अर्धं पोतं जिन्याखाली आणून टाकलं होतं. पिवळी पडलेली ज्वारी त्याच्यानं कशी हां हां म्हणता काळीशार होते, ते मी शेतात पाहिलेलं. मनात आलं, एकदा घालते, पानं तळहाताएवढी करते, आणि मग बघू म्हातारी काय म्हणते ते. दुपारी सगळे झोपलेले असताना दोन ओंजळी युरिया वेलीच्या बुडाशी घातला. वरून तांब्याभर पाणी. शेताला घालतात म्हणजे वेलीलाही चालेल — असा हिशेब होता माझा. उन्हाळ्याचे दिवस, कोरडी माती, आणि नाजूक वेल.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. आधी पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मग त्या आत आत सरकत गेल्या. मग सगळी वेल मान टाकल्यासारखी शेवग्याला लोंबायला लागली. मी घाबरून बुडाशी बादल्याच्या बादल्या ओतल्या, त्यानं उरलीसुरली मुळंही गेली. आणि एक केलं — वरची माती खुरप्यानं खरवडून उकिरड्यावर टाकली आणि नवी माती पसरली. म्हणजे घाबरून तोंडात मूग धरले, एवढंच म्हणायचीही मला सोय नाही. मी नीट विचार करून लपवलं होतं.

आता शुभाचं सांगते. हे टाळण्यासाठीच इतका वेळ मातीत हात घालून बसले होते.

शुभा माझी मुलगी. त्याच वर्षी ती मोठी झाली होती, सातवीत होती. वेलीवर तिचा फार जीव. शाळेतून आली की दप्तर टाकून आधी शेवग्याखाली. आज्जीसाठी पान तोडायचं, पुसायचं, देठ खुडायचं, हे तिचं काम. तोडण्याआधी वेलीला विचारायची, घेऊ का गं? आम्ही हसायचो. वेल जळाली त्या आठवड्यात तिची पाळी होती. ती तिकडं फिरकलीसुद्धा नव्हती. मला माहीत होतं, कारण त्या आठवड्यात तिकडं फक्त मी जात होते.

आत्याबाईंनी वेल पाहिली आणि खालीच बसल्या. मग विचारलं, "कोण शिवलं हिला?" आणि शुभाकडं पाहिलं. शुभा म्हणाली, मी नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा म्हणाली, मी नाही. हे तेवढ्यात ऑफिसातून आले होते, ते म्हणाले, "उन्हानं वाळली असंल आई. पोरीला कामून बोलायलीस?" बघा — बाप बोलला. त्याला काही माहीत नव्हतं तरी बोलला. मी भिंतीला टेकून उभी होते.

पण एवढंच असतं तर मी हे आज सांगायला बसले नसते. गप्प तर कितीतरी बायका बसतात. सासूपुढं कोण बोलायचं त्या दिवसांत? असं म्हणून मी स्वतःला कधीच सोडवून घेतलं असतं. त्या गप्प राहण्याबद्दल नाहीच हे.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. शुभा दाराबाहेर बसली होती, त्या दिवसांत ती तिथंच बसायची. रडून रडून डोळे सुजलेले. विचारात पडलेली होती पोर. आणि मग एकदम म्हणाली, "आई, परवा मी अंगणात कपडे वाळू घातले ना — तवा माझी ओढणी लागली असंल का गं वेलीला?"

कपड्यांची तार कुठं, शेवगा कुठं. वाऱ्यानं उडाली असती तरी ओढणी तिथं पोचली नसती. ते लेकरू आपला अपराध शोधत बसलं होतं. आज्जी खोटं बोलणार नाही, वेल तर वाळलीय, मग माझंच काहीतरी चुकलं असेल — असं ती धरून चालली होती. ती माझ्याकडं विचारायला आली होती, कारण आई खरं सांगते.

मी भाकरी उलटली आणि म्हटलं, "लागली असंल."

तेव्हा मला काय वाटलं सांगू? वाईट नाही वाटलं. हायसं वाटलं. सुटले बाई एकदाची, असं वाटलं. आपल्याच लेकीच्या डोक्यावर खापर फुटलं आणि आईला हायसं वाटलं — हे ते, जे मी कुणाला सांगितलं नाही.

मग शुभानं स्वतःच आज्जीपुढं जाऊन कबूल केलं. आत्याबाई तिला रागावल्या नाहीत, ते एक बरं झालं की वाईट, मला कळत नाही. न्हाणं झाल्यावर त्यांनी तिला वेलीच्या बुडाशी दिवा लावायला सांगितला, नाक घासायला लावलं. दिव्यात तेल मी घातलं. तिनं नाक घासलं ती माती मीच पसरलेली होती. लग्नात पानं बाजारातून आणली आणि आत्याबाईंनी विडा देता देता येणाऱ्या प्रत्येक बाईला कारण सांगितलं. बायका शुभाकडं वळून बघायच्या. ती पूर्ण लग्नभर माझ्या पदराआड उभी होती. माझ्याच पदराआड.

वेल गेली, पण तिचा फुटवा गल्लीतल्या एका बाईकडं होता, तो आणून मी पुन्हा लावला. त्यानंतर मी झाडं शिकले. विचारून विचारून, मारून मारून शिकले. कृषी केंद्रातल्या माणसाला एकदा आडून विचारलं, त्यानं तिथल्या तिथं सांगितलं — ताई, खत जास्त झालं, मुळं जळाली, दुसरं काय. आत्याबाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी स्वतःला सांगत आले होते की भीती सासूची आहे. सासू गेली. मग इतकी वर्षं कुणाची होती?

शुभा लातूरला असते. बँकेत आहे, तडफदार आहे, चार माणसांत बोलते. तिच्या बाल्कनीत कपडे वाळत असतात आणि एका कोपऱ्यात प्लास्टिकची फुलं. एकदा मी तिला मनी प्लांट नेऊन दिला — तो कुणाच्याही हाती जगतो, बाटलीतल्या पाण्यातसुद्धा. पुढच्या खेपेला गेले तर तिनं तो वॉचमनच्या बायकोला देऊन टाकलेला. हसत हसत म्हणाली, "माझ्या हाताला झाड लाभत न्हाई आई, तुला माहीतच हाय की." मीही हसले.

यंदा मे महिन्यात ती आली होती, सान्वीला घेऊन. सान्वी तिची मुलगी, यंदाच मोठी झालीय. झाडांवर तिचा आईसारखाच जीव. आईसारखा, म्हणजे आईचा होता तसा. आल्या दिवसापासून माझ्या मागं मागं, पाईप धर, कात्री धर, कुंड्या फिरव. एका सकाळी ती नागवेलीकडं हात नेत होती तोच शुभानं मागून तिचं मनगट धरलं. रागानं नाही, अगदी मऊपणानं. म्हणाली, आज नको बाळा, तुझी पाळी आहे, वाळते ती. सान्वीला हसू आलं. आजकालची पोर ती. म्हणाली, असं काही नसतं मम्मी, सायन्समध्ये असं काही नाहीये. शुभा म्हणाली, माझ्या हातून वाळलीय, मी डोळ्यांनी पाहिलंय. हवं तर आजीला विचार, आजीला झाडांतलं सगळं कळतं.

सान्वी माझ्याकडं वळली. "खरंच वाळते का आजी?"

शुभाही माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत कसलीच शंका नव्हती. मी खरं बोलले असते तर तिच्या हातून ती वेल कधीच वाळली नव्हती हे तिला कळलं असतं. आणि तेराव्या वर्षी तिनं मला काय विचारलं होतं आणि मी काय सांगितलं होतं, तेही कळलं असतं. मला त्या दुसऱ्या गोष्टीची भीती वाटली.

मी म्हटलं, "काही काही वेलींचं असतं तसं."

शुभानं पोरीच्या केसांवरून हात फिरवला आणि चहा टाकायला आत गेली. सान्वीनं दोन्ही हात पाठीमागं नेले, मागं मागं सरकत दारापाशी गेली आणि तिथून मला विचारलं, "आजी, इथं उभी राहिले तर चालेल?"

मी म्हटलं, चालेल.