हासत हारेल त्याला अ

भोजराज तुरकर सरांना सगळं जमे, हरणं तेवढं जमत नसे. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतल्या कबड्डीत त्यांचा संघ हरला की पुढचे दोन दिवस घरी बायकोच्या, सुखवंताबाईंच्या वरणात मीठ कमी निघायचं. आणि २०११ साली शासनाने पोरांची खिलाडूवृत्ती मोजायचं काम दिलं कोणाला? तर याच माणसाला! घ्या!

तोवर सरांचा शारीरिक शिक्षणाचा तास म्हणजे खुर्ची, शिटी आणि सरसकट 'ब'. आता दवनीवाड्याजवळच्या त्या शाळेत प्रत्येक पोराला वेगळी श्रेणी द्यायची होती, तीही खेळ बघून. सरांनी डोकं खाजवलं आणि सातवीला फर्मान सोडलं, "हारल्यावर जो हासत बाहेर येईल, त्याले अ. जो रडंल, भांडंल, त्याले क."

सरांची पोरगी रुचिका त्याच वर्गात. "माह्या वर्गात माही पोरगी-गिरगी काही नाही," असं बाबूजींनी घरी बजावलं होतं. म्हणून तर तिला त्यांच्याच हातचा अ हवा होता.

सामना सुरू झाला आणि सगळ्यांनाच हरायची घाई. खुमेंद्र चढाईला गेला, एकदा 'कबड्डी' म्हणाला आणि समोरच्यांच्या अंगणात खुशाल मांडी घालून बसला. त्याला धरायला कोणी येईना. उलट तिकडची चार पोरं आपणच रेषेबाहेर उड्या मारून खीखी करू लागली.

"धरा ना बे त्याले!" सर ओरडले.

"तुमीच धरा सर, आमाले अ पायजे," टिकेश म्हणाला.

सरांनी शिटी फुंकून खुमेंद्रला परत बोलावलं. मग त्याच्याच संघातली रुचिका गेली, पकडली जायचं ठरवूनच. तेवढ्यात टिकेश हळूच म्हणाला, "तुले त हारल्याबिना बी अ भेटते. मास्तरची पोरगी ना तू!"

झालं! शेवटी तुरकरांचंच रक्त. टिकेशला आणि उरलेल्या दोघांना एका दमात शिवून ती परत आली. सामना जिंकला. सरांची छाती अशी फुगली की शिटीच तोंडातून पडली. मग पेन आठवला.

"तू हारलीच नाही, त हासली का रडली ते मी कसा पाहू? क."

रुचिकाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने ते तसंच राहू दिलं आणि मोठ्याने हसली.

"कायले हासून राहिली?"

"माहा अ हारली ना मी, सर. हारली अन् हासून राहिली. आता द्या अ!"

"द्या सर, द्या!" पोरं नाचू लागली.

नियम सरांचाच. त्यांनी क खोडला, अ लिहिला आणि तोंड फिरवून खुर्चीत बसले. रुचिका जवळ गेली.

"बाबूजी, हारले ना तुमी? मंग हासत काऊन नाही?"

सगळा वर्ग सरांच्या तोंडाकडे बघत होता. झाली ना पंचाईत! हसावं लागलं बिचाऱ्यांना.