प्रवाळांवरची जाळी

आळंदच्या माझ्या दवाखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी आहे, तीत सहा वर्षं जपलेली जिवंत प्रवाळं. जुन्या ट्यूब मिळेनाशा झाल्या, म्हणून एलईडी बसवायला कलबुर्गीहून एकाला बोलावलं. दिवे लावून त्याने टाकीवर मच्छरदाणीच्या जाळीचे तीन थर अंथरले.

“नवे दिवे झाकायलाव कामून?” मी चिडले.

“एकदम उजेड पडला तर प्रवाळं जळतेत, अक्का. मासा कपारीत लपतो. ह्यांनी कुठं जावं? आठवड्याला एक थर काढा.”

आठवड्याने तो न बोलावताच आला. काचेला नाक टेकवून बराच वेळ पाहत राहिला. “न्हाई, आणखी थांबा,” म्हणाला आणि परतीच्या बसला गेला. मी थांबले.

आता जाळी पूर्ण निघाली आहे, एकही प्रवाळ जळून पांढरं पडलेलं नाही. दुसऱ्याच्या टाकीसाठी मी काही एवढ्या लांबून बसने आले नसते.