काकूंची चुकांची वही

आमच्या इमारतीखाली बाइंडिंगवाल्या काकूंची एवढीशी खोली आहे. काका गेल्यावर पुस्तकबांधणीचं काम त्यांनी एकटीने ओढलं. पुस्तकं कमी होत गेली, तशा त्या साठीनंतर ॲक्रिलिक रंग आणि कागदकाम शिकल्या, शिकवूही लागल्या. "शिकायला वय कशाला लागतं? चष्मा लागतो," असं वर म्हणतात.

त्यांच्या फळीवर जेलचे डबे असतात. "हा बिनरंगाचा रंग. ओला दुधासारखा, वाळला की काचेसारखा," ही त्यांची ओळख करून देण्याची पद्धत. रंगात कालवलं की जेल रंगाला दाट करतं, कागदाखाली लावलं की चिकटवतं, वरून फासलं की जपतं.

या 'जपतं'वर भाळून मी आईचं पत्र घेऊन गेले. माझ्या लग्नानंतर महिन्याभरात आलेलं, शाईपेनाने लिहिलेलं, घड्यांवर विरलेलं. आईच्या अक्षरातलं माझ्याकडे उरलेलं तेवढंच. कॅनव्हासवर चिकटवायचं, वरून जेल फासायचं, की झालं, असं मी मनाशी ठरवलं होतं. काकू कात्री शोधायला वळल्या आणि मी उतावळीने जेलचा ब्रश पत्रावर टेकवलासुद्धा.

"हात उचल!"

काकूंचा इतका चढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. 'चि. सोनीस' मधली 'चि.' निळी होऊन पसरत होती. त्यांनी झटकन टिपकागद ठेवला.

"घासू नकोस, नुसतं दाब. शाई पाण्याची, जेलही पाण्याचं. एकमेकांना भेटल्यावर थांबतील होय?"

माझे डोळे भरून आले.

"रडायचं तर लांब जाऊन रड बाई. वरून पाणी पडलं तर उरलंसुरलंही जाईल."

रडता रडता हसू फुटलं. डाग तेवढ्यावरच थांबला होता.

मग त्यांनी कपाटातून एक जाड वही काढली. पानापानावर फसलेलं काम: कुठे फुगलेला कागद, कुठे बुडबुडे. जेल लावलेली दोन पानं समोरासमोर आली की चिकटून बसतात, म्हणून मध्ये बटरपेपर. तोही एका चुकीतूनच आलेला. एका पानावर नुसता रंगांचा चिखल होता.

"हे काय?"

"लेकीने चौथ्या वर्षी स्केचपेनने काढलेली मी. जपायची म्हणून जेल फासलं." काकूंनी चिखलात एका जागी बोट ठेवलं. "नाक तेवढं वाचलंय. नेमकं तेच जरा मोठं काढलं होतं तिने. तुझा ब्रश पाहिला आणि मला हे पान दिसलं."

"झेरॉक्सची शाई पाण्याला भीत नाही," म्हणत त्यांनी मला झेरॉक्सवाल्याकडे पिटाळलं. पत्राची उलटी, आरशातल्यासारखी प्रत हवी म्हटल्यावर तो म्हणाला, "सरळ वाचता येत नाही का, ताई?"

ती प्रत आम्ही जेल लावलेल्या कॅनव्हासवर पालथी चिकटवली. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर मी ओल्या बोटाने पाठचा कागद हलक्या हाताने चोळत बसले. कागदाच्या गुठळ्या निघत गेल्या आणि खालून आईचं अक्षर एकेक करून वर आलं, सरळ. 'जेवून घेत जा, कुणाची वाट बघत बसू नकोस.'

ते आता माझ्या ओट्यासमोर लावलंय. मूळ पत्र पाकिटात सुरक्षित आहे, डागासकट.

त्या दिवशी कॅनव्हास घेऊन निघताना मी तो निळा टिपकागद काकूंपुढे धरला. "वहीत लावाल?"

"चूक तुझी, वही माझी?" म्हणत त्यांनी तो लेकीच्या चित्रासमोरच्या पानावर चिकटवला. मध्ये बटरपेपर घालायला मात्र विसरल्या नाहीत.